ब्याऐंशीला दोरा सुटतो

"मारा स्टार्टर," मिस्त्री आबांना सांगतो आणि बोनेटखाली वाकून रेडिएटरच्या वरच्या अंगाला येणारा जाड काळा होज मुठीत धरतो. पाने, पकड सगळं अजून पेटीतच आहे. काल संध्याकाळपासून वाईच्या गारठ्यात उभी असलेली बोलेरो दोनदा खोकते आणि धरते. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघून गॅरेजच्या पुढ्यातल्या उन्हात रेंगाळतो. मिस्त्री जागचा हलत नाही. तीन-चार मिनिटांनी मूठ सोडतो, तळवा पँटला पुसतो.

"कोमट झाला. बंद करा. आत वॉलच न्हाई."

आबा खिडकीतून डोकं बाहेर काढतात. "न उघडताच?"

"उघडून दावतो की."

गॅरेजात वॉल म्हणतात तो थर्मोस्टॅट. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असतं तोवर दार बंद. पाणी आतल्या आत फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला दार किलकिलं होतं आणि पाणी रेडिएटरमधून गार होऊन परत येऊ लागतं. वॉल ठीक असेल तर वरचा होज सुरुवातीला बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका बसेल इतका तापतो. इथं तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला. मिस्त्रीच्या मुठीला तेवढं पुरतं.

गाडी २००८ ची, एमएच ११. आबांची शेती भिलारच्या अंगाला, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल मागची सीट दुमडून स्ट्रॉबेरीची खोकी आणि उरलेलं वर्ष खत, माणसं, लग्नकार्य. गेल्या उन्हाळ्यात पसरणीच्या घाटात काटा लालवर गेला, बोनेटमधून वाफ आली. वाटेतल्या कुणा कारागिरानं वॉल काढून आबांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, हे थंड देशातल्या गाड्यांसाठी असतंय, आपल्याला कशाला पायजे? हा सल्ला महाराष्ट्रातल्या प्रत्येक हमरस्त्यावर फुकट मिळतो. आबांना तो तेव्हा पटला. पण महाबळेश्वराच्या डोंगरावर, वेण्णा लेकच्या काठावर थंडीत दवबिंदू गोठल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, आणि आबांचं शेत त्याच डोंगरावर आहे. थंड देश म्हणतात तो त्यांच्या दारातच.

त्यामुळे डिसेंबरपासून गाडीचं तंत्र बिघडलंय. सकाळी तापायचं नावच घेत नाही. हीटर लावला की गार हवा तोंडावर येते. घाट उतरताना काटा पार तळाला जातो. डिझेल जास्त खाते. आणि एवढं करून खोकी भरून घाट चढायला लागली की काटा पुन्हा लालकडे निघतोच.

"थंडीत तापत न्हाई, चढावर थांबत न्हाई," आबा म्हणतात. "आता हिला करायचं काय?"

मिस्त्री उत्तर देत नाही. गाडीखाली आडवा होऊन रेडिएटरच्या तळाचा कॉक सोडतो. खाली हाताखालच्या बारक्यानं घमेलं सरकवलेलं आहे. जे पाणी येतं ते हिरवं नाही, गुलाबी नाही. तांबूस, गढूळ, आणि त्यात गंजाचे बारीक कण गरगरताना दिसतात. आबांनी वर्षभर विहिरीचंच पाणी घातलंय, हे ते न विचारताच सांगून टाकतात. काळ्या दगडातल्या विहिरीचं पाणी माणसाला गोड लागतं, पण त्यातला क्षार तापल्यावर धातूला चिकटतो. घरच्या पाणी तापवायच्या बंबात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत बसतो आणि एकेक नळी बुजवत जातो.

रेडिएटर रिकामा झाला की बहुतेक गॅरेजांत पाणी काढणं संपतं. हा मिस्त्री तिथं थांबत नाही. इंजिनच्या ब्लॉकलाही एका कुशीला निचऱ्याचा बोल्ट असतो, अडचणीच्या जागी, आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्यामुळे ग्रीस-मातीत गाडला गेलेला. तो शोधून सोडवायला वेळ जातो. बोल्ट निघतो, पाणी येत नाही. मिस्त्री भोकात तार घालून कोचतो. आधी काळपट चिखलाची गुठळी पडते, मग एकदम धार सुटून त्याच्या कोपरापर्यंत येते. "हे बगा," तो चिखल बोटांत चोळून आबांपुढं धरतो. "हे आत फिरत व्हतं."

घमेल्याबाहेर थोडं सांडलंय. गॅरेजच्या दारातलं कुत्रं उठून तिकडं येतं. मिस्त्री इतक्या जोरात ओरडतो की आबाही दचकतात. बारक्या धावत जाऊन सांडल्या जागेवर लाकडाचा भुसा टाकतो, झाडून गोळा करतो. ह्या पाण्यात आता कूलंट नावापुरतंच उरलं असेल, पण सवय ती सवय. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून जनावरं ते चाटतात. बेताच्या अंगाचं कुत्रं मरायला अर्धी वाटी पुरते. आधी ते झिंगल्यागत चालतं, मग बरं झाल्यासारखं दिसतं, आणि एक-दोन दिवसांत किडन्या जातात. म्हणून इथं जुनं कूलंट गटारात जात नाही, झाकणाच्या वेगळ्या पिंपात जातं. वाईची गटारं शेवटी कुठं जातात ते गावात सगळ्यांना माहीत आहे. खाली कृष्णामाई आहे.

आता वरचा भाग. होजची क्लिप सैल करून मिस्त्री होज पिळतो, ओढत नाही. जुना रबर ओढला की तोंडाशी चिरतो. होज जिथं बसला होता ते अॅल्युमिनियमचं वाकडं तोंड, म्हणजे एल्बो, बोल्टांनी इंजिनच्या डोक्याला, म्हणजे हेडला, बसवलेलं असतं आणि वॉलची जागा त्याच्या पोटात. तेराची गोटी लावून तो एक बोल्ट सहज काढतो. दुसरा हलत नाही.

इथं गॅरेज जरा गप्प होतं. बोल्ट तुटला तर त्याचा बुंधा हेडमध्ये राहतो, मग ड्रिल, मग टॅप, आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर. मिस्त्री जोर लावत नाही. बोल्टच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल मारतो, हातोडीच्या दांड्यानं वरून बारीक ठोके देतो, आणि चहा मागवतो. चहा पिऊन झाल्यावर गोटी लावून बोल्ट आधी किंचित *आवळतो*. गंजाची पकड मोडायला तेवढा उलटा झटका पुरतो. मग सोडायच्या दिशेनं पाव आटा, परत आत, पुन्हा पाव आटा बाहेर. किर्रर्र असा बारीक आवाज येतो आणि मिस्त्रीच्या खांद्यातला ताण सुटतो. बोल्टच्या आट्यांत अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी भरलेली आहे.

एल्बो उचलला जातो. आत वॉलची गोल खाच आहे, आणि खाचेत काही नाही. भोवती कुणीतरी सढळ हातानं सिलिकॉन फासलेलं, त्याच्या चिंध्या पाण्यात लोंबतायत.

"पटलं?"

आबा वाकून बघतात. "पटलं. पण मग वॉल काढूनसुद्धा गरम का होती? दार उघडंच हाय की कायमचं."

ह्या प्रश्नाला मिस्त्री खुलतो. जमिनीवर खडूनं दोन वाटा काढतो: एक इंजिनातून रेडिएटरला जाऊन येणारी लांबची, दुसरी इंजिनातल्या इंजिनात वळणारी जवळची. वॉल असला की गरम पाणी लांबच्या वाटेला लावायचं काम तो करतो. बऱ्याच इंजिनांत वॉलच्या बुडाला दुसरी थाळीच असते. वरचं दार उघडलं की ती जवळची वाट बंद करते. वॉल काढला की दोन्ही वाटा मोकळ्या, आणि पाणी सोप्या वाटेनं पळतं. त्यात आबांच्या रेडिएटरची लांबची वाट क्षारानं निम्मी बुजलेली. मग गरम पाणी गार न होताच परत इंजिनात. मूळ दुखणं रेडिएटरचं होतं आणि शिक्षा वॉलला झाली, असं मिस्त्रीचं म्हणणं. मला ते पटतं. उकळलेल्या गाडीपुढं उभं राहिलं की काहीतरी काढून टाकल्याशिवाय माणसाला इलाज केल्यागत वाटत नाही.

नवा वॉल खोक्यातून निघतो. तळहातावर मावेल एवढा: वर पितळी-पोलादी थाळी, खाली स्प्रिंग, मधोमध बोटाच्या पेराएवढी डबी. थाळीच्या कडेवर ८२ हा आकडा ठोकलेला. किंमत हजाराच्या आतली. हा लगेच बसवायचा, असं मला वाटतं. मिस्त्री मात्र बारक्याला गॅस पेटवायला सांगतो.

"नवा हाय म्हणून भरवसा न्हाई. बंद पडलेला नवा बसवला तर गाडी घाटात जाती आन् शिव्या मला बसत्यात."

टोपात पाणी चढतं. पाण्यात तरंगता काचेचा थर्मामीटर, दूधडेअरीत वापरतात तो. कोरोनात कपाळावर धरायची बंदूक ह्या कामाला चालत नाही. माणसाच्या तापापलीकडं तिची धाव नाही. मिस्त्री दोन्ही अंगठ्यांनी स्प्रिंग दाबून वॉलचं दार जरासं उघडतो, फटीत पांढरा दोरा सरकवतो आणि अंगठे सोडतो. दार मिटतं, दोरा चिमटीत अडकतो. दोऱ्यानं धरून वॉल पाण्यात सोडला जातो, तळाला टेकणार नाही असा. दोऱ्याचं दुसरं टोक टोपावर आडव्या ठेवलेल्या पान्याला बांधलेलं.

सगळे टोपाभोवती. ६०. काही नाही. ७०. तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागतात. ७८ ला मिस्त्री गॅस बारीक करतो, चमच्यानं पाणी हलवतो, नाहीतर खाली एक आणि वर एक तापमान असतं. ८०. ८१. थर्मामीटरचा पारा ८२ च्या रेघेला लागतो न लागतो तोच टुप्प असा आवाज होतो. वॉल तळाला पडलाय आणि पान्याला नुसता दोरा लोंबतोय.

"ब्याऐंशीला दोरा सुटला," बारक्या जाहीर करतो. रोजचं असूनही त्याला मजा वाटते.

पाणी आणखी तापवलं जातं. मिस्त्री पकडीनं वॉल बाहेर काढून दाखवतो: दार पुरतं उघडलंय, फटीत करंगळीचं टोक जाईल. हातात धरल्या धरल्या ते पुन्हा मिटत जातं, डोळ्यांना दिसेल इतक्या बेतानं. ना वायर, ना सेन्सर. त्या मधल्या डबीत मेण आहे. मेण वितळताना दहा-पंधरा टक्क्यांनी फुगतं. डबीत जागा नसते, म्हणून ते मधल्या दांड्याला बाहेर ढकलतं. दांडा वरच्या पट्टीला टेकलेला, तो हलू शकत नाही. मग डबीच खाली सरकते आणि तिच्याबरोबर दार. गार झालं की मेण आकसतं, स्प्रिंग दार मिटवते. ह्याआधीच्या वॉलमध्ये लवकर वाफ होणारा द्रव भरलेला पितळी भाता असायचा, पण पाण्याचा दाब वाढला की त्याचं गणित चुकायचं. मेणाला दाबाची पर्वा नाही. सर्जियस व्हर्नेट ह्या अमेरिकेतल्या संशोधकानं १९३० च्या दशकात ही युक्ती काढली, आणि आजही कित्येक गाड्यांत पाण्याचा दरवान तोच मेणाचा खडा आहे.

बसवणं त्यापुढं किरकोळ. हॅकसॉच्या जुन्या ब्लेडनं सिलिकॉन आणि जुन्या पॅकिंगची साल खरवडली जाते, अॅल्युमिनियमला ओरखडा पडणार नाही अशा हलक्या हातानं. वॉलच्या थाळीत एक बारीक भोक आहे आणि त्यात डुलणारी टाचणी; ती मिस्त्री बरोबर वरच्या बाजूला आणतो, म्हणजे पाणी भरताना अडकलेली हवा तिथून निसटते. नवं पॅकिंग, सिलिकॉन नाही. बोल्ट आळीपाळीनं, मनगटाच्या जोरावर.

खरा वेळ रेडिएटर खातो. तो उतरवून पाण्याची नळी तळाच्या तोंडातून उलटी लावली जाते. वरून आधी चिखल, मग तांबडं पाणी, मग पिवळट. बाहेरच्या जाळीत भाताचं तूस, पाखरांचे पंख, वाळलेलं गवत. आतून बाहेर पाणी मारून ते काढलं जातं, कारण समोरून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. काही नळ्या उघडत नाहीत. "पुढच्या साली बदलावा लागंल," मिस्त्री सांगतो. "आत्ता चालंल."

मग तो रेडिएटरचं झाकण हातात घेतो आणि त्याच्या खालचा रबर नखानं दाबतो. नख रुतत नाही. रबर कडक झालाय, कडेला चिरलाय.

"हे बगा तुमच्या वाफेचं कारण."

झाकणाचा नि उकळण्याचा संबंध आबांना लागत नाही, मलाही घटकाभर लागत नाही. मग मिस्त्री वर डोंगराकडं बोट दाखवतो. साधं पाणी समुद्रकाठी १०० अंशांना उकळतं. वाई सातशे मीटरवर, इथं ९८ च्या अलीकडंच. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास, तिथं ९६ च्या आतबाहेर. म्हणजे भरल्या गाडीनं घाट चढताना इंजिन जितकं तापत जातं तितकं पाणी उकळायला सोपं होत जातं. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. घरचा कुकरही ह्याच तत्त्वावर चालतो. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि धड झाकण एवढं असलं तर उकळी सव्वाशेच्या घरात जाते. फाटक्या झाकणाखाली विहिरीचं पाणी घालून आबा पसरणी चढत होते.

नवं झाकण येतं. कूलंटच्या डब्यांवरून मात्र वाद होतो. आबांना गुलाबी पाहिजे, शेजाऱ्यानं सांगितलंय. मिस्त्री म्हणतो रंगावर जाऊ नका, रंग कंपनी देईल तो. आतलं रसायन कुठलं ते डब्यावर वाचायचं आणि एकात दुसरं मिसळायचं नाही. तो घट्ट, न मिसळलेलं हिरवं कूलंट आणि बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन घेतो. ह्या पाण्यात क्षार नसतात.

"पाणी कशाला? सगळं कूलंटच घाला की. पैशाचं बघू नका," आबा एकदम उदार होतात.

"नुसतं कूलंट पाण्याइतकी उष्णता उचलत न्हाई, आबा. आन् थंडीत गोठायला पण अर्ध्या-अर्ध्यापेक्षा लवकर गोठतं."

हे खरं आहे. नुसतं इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपास गोठतं. निम्म्या पाण्यात मिसळलं की उणे ३५ च्याही खाली जातं. भिलारला त्या टोकाची गरज पडणार नाही, पण गंज रोखणारी रसायनं ह्याच मिश्रणातून येतात. ब्लॉकमध्ये धुतल्याचं थोडं पाणी राहतंच, म्हणून मिस्त्री आधी घट्ट कूलंट ओततो आणि मग वरून पाण्यानं पातळी आणतो. घाईत आधीच मिसळून भरणाऱ्याचं मिश्रण शेवटी पातळ होतं.

आता हवा काढायची. गाडी चढावर तोंड करून उभी केली जाते, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच. झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू. मिस्त्री वरचा होज दाबतो-सोडतो. तोंडाशी हिरव्या पाण्यात बुडबुडे फुटतात आणि पातळी खाली जाते, बारक्या भरतो. होज गार आहे. पाच मिनिटं, अजून गार. मिस्त्री माझा हात धरून होजवर ठेवतो. काहीच नाही, काहीच नाही, आणि मग एका क्षणी रबराच्या आतून ऊब सरकत येते आणि हात काढावा लागतो. तोंडाशी पाणी एकदम बोटभर उतरतं. दार उघडलं. आबा गाडीत बसल्या बसल्या ओरडतात, "हीटर गरम आला!"

चाचणीला आम्ही पसरणीचा घाट चढतो. मागं खोकी नाहीत, पण मिस्त्रीनं गॅरेजातली दोन जुनी गिअरबॉक्स आणि वाळूची पोती टाकलीयत. दुसऱ्या गिअरात गाडी गुरगुरत वळणं घेते, खाली धोम धरणाचं पाणी दिसतं, तिकडं कुणाचं लक्ष नाही. तिघांचे डोळे काट्यावर. तो निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबलाय. पाचगणीच्या अलीकडं गाडी बाजूला घेतात. आबांचा हात सवयीनं झाकणाकडं जातो आणि मिस्त्री तो मनगटाशी धरतो.

"गरम असताना न्हाई. आतलं पाणी शंभराजवळ हाय आन् दाबाखाली हाय. झाकण फिरवलं की सगळं एकदम उकळून तोंडावर येतंय. सकाळी, गार झाल्यावर. आन् कूलंटच्या बाटलीतली रेघ बघायची आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन मिस्त्रीला येतो तेव्हा मी गॅरेजातच आहे. फोन स्पीकरवर. बाटलीतलं पाणी खालच्या रेघेशी गेलंय.

"जाणारच. गार व्हताना इंजिन बाटलीतनं ओढून घेतं, आन् आत थोडी हवा राहिली व्हती. दिलेल्या कॅनमधलं घाला. विहिरीचं न्हाई."

"घातलं. आन् पुन्हा उतरलं तर?"

"दोन-तीन दिवस बगा. थांबलं तर झालं."

"न्हाई थांबलं तर?"

"तर या खाली," मिस्त्री एका पिकअपच्या चाकाशी वाकत म्हणतो. "मग हेड बघू."